विरघळणारे टाके

चिमणे,

चेहऱ्याची कातडी ओढून घ्यायला दवाखान्यात गेलेय. "या वयात कसली हौस!" म्हणून तू दोन दिवस तोंड फुगवून बसलीस, म्हणून न उठवताच निघाले. पूर्ण भूल नको म्हटलं; नुसता चेहरा बधिर करणार आहेत, संध्याकाळी घरी. टाकेही विरघळणारेच सांगितलेत, म्हणजे ते काढायला बाबांना पुन्हा सोडून जायला नको. त्यांची गोळी दुधातून दे, नाहीतर थुंकतात.

हौस नाही गं. सहा महिने झाले, ते मला नर्सबाई म्हणतात आणि आमच्या लग्नाच्या फोटोवर बोट ठेवून विचारतात, "ही कधी येणार?"

आज विचारलं तर सांग, निघालीय म्हणावं.

आई