घाबरण्याचं कारण नाही

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. कारण मी आता वार्ताहर आहे आणि वार्ताहराला नोंदी लागतात.

'प्रतिवेशी टीव्ही'ने मला नागरिक प्रतिनिधी नेमलं. प्रतिवेशी म्हणजे शेजारी. केबलवरचं चॅनल, सियालदह स्टेशनच्या मागच्या सात-आठ गल्ल्यांपुरतं. सौ. श्यामला म्हणाली, म्हणजे आपल्या पानवाल्याच्या पलीकडे कुणाला दिसणार नाही. तिला माध्यमांची कल्पना नाही. मोठ्या चॅनलांना दिल्ली दिसते. आमच्या नळाला चार दिवस पाणी नाही हे त्यांना कुठून दिसणार? ही पोकळी कुणीतरी भरून काढायला हवीच होती. एकतीस वर्षं सांख्यिकी खात्यात काढली, खोटा आकडा कधी लिहिला नाही. शिवाय आवाज चांगला आहे.

संकल्प: दर शनिवारी पाच मिनिटं, फक्त लोकांचे प्रश्न. बंगाली सुधारणे. जन्म इथला, पासष्ट वर्षं इथलीच, तरी मी बंगालीत विचारलं की मासेवाला हिंदीत उत्तर देतो. बहुधा आदरापोटी. कॅमेऱ्यासमोर पोट आत.

गुरुवार, ८ जानेवारी.

पहिला विषय ठरत नाही. श्यामला म्हणते, शेजारचा खड्डा घ्या. शेजारचं जुनं घर प्रमोटरने, म्हणजे इथल्या भाषेत बिल्डरने, पाडलं, तिथे सात मजली होणार, जमिनीखाली पार्किंग. दोन मजले मावतील एवढं खणलंय. खाली पाणी लागतं म्हणून पंप चालू, सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत. ती म्हणाली, रविवारपासून आपल्या बाथरूमचं दार लागत नाही. मी म्हटलं, लाकूड फुगतं. ती म्हणाली, जानेवारीत? मी कोलकात्याच्या हवेबद्दल थोडं सांगितलं. मधेच उठून गेली.

खड्ड्यात व्हिज्युअल नाही. कोपऱ्यावरचा कचरा घेतो.

शनिवार, १० जानेवारी. सायंकाळी.

प्रक्षेपण झालं. पट्टीवर माझं नाव 'दिगोंबर शाठे' आलं. साठये लिहायला काय जातं? बाकी उत्तम. पोट शेवटच्या मिनिटाला सुटलं, पण तोवर कॅमेरा कचऱ्यावर होता.

मंगळवार, १३ जानेवारी.

कचरा उचलला! वर्षभरात पहिल्यांदा कोपरा दिसला. टीव्हीवर आलं आणि तीन दिवसांत गाडी आली. श्यामलासुद्धा म्हणाली, हे मात्र बरं झालं.

आता लोक येतात. दुसऱ्या मजल्यावरची अमृता आली. शाळेत शिकवते, नवरा दुबईला, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. जिन्याबाहेरचा दिवा सहा महिने बंद आहे म्हणाली. मी फक्त चॅनलच्या सुमितला फोन केला, त्याने खाली पट्टीवर ओळ फिरवली. संध्याकाळी दिवा लागला. अमृताने वर येऊन हात जोडले. म्हणाली, दिगंबरबाबू, तुमचं ऐकतात ते.

ऐकतात. जबाबदारी आहे ही. तिला योग्य असा माणूस निवडला गेला, इतकंच.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत.

श्यामलाबरोबर सगळ्या आठ घरांत तिळगूळ. तळमजल्यावर शरच्चंद्रबाबूंनी थांबवून घेतलं. वय शहात्तर, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, एकटेच असतात. त्यांनी जिन्याखालच्या भिंतीतले तडे दाखवले. तीन तडे, प्रत्येकावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवलेली, खाली तारीख. म्हणाले, भिंत स्थिर असेल तर काच शाबूत राहते. हलली तर फुटते.

दोन फुटल्या होत्या.

त्यांच्याकडे वही आहे. महिनाभर रोज तडे मोजतात. वॉर्ड ऑफिसला तीन पत्रं लिहिली, कुणी आलं नाही. म्हणाले, कॅमेरा आला की येतील. कचऱ्याला आले ना? तुम्ही हे दाखवा.

वही मला दिली. हा माझ्या कारकिर्दीचा खरा विषय. श्यामला जिना चढताना कठड्याला धरून चालली होती. गुडघे दुखत असावेत.

गुरुवार, १५ जानेवारी.

सुमितकडे गेलो. चॅनल म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सुमित मालक, संपादक, कॅमेरामन, सगळं तोच. सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत राहिला. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर त्याच प्रमोटरची जाहिरात फिरत होती: दोन आणि तीन बेडरूम, स्वप्नातलं घर. सुमित म्हणाला, दिगंबरदा, स्टोरी मोठी आहे. पण दुसरी बाजू घ्यायला हवी. बॅलन्स.

मी लगेच मान्य केलं. एकतर्फी पत्रकारिता माझ्या स्वभावातच नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी.

साइटवर गेलो. इंजिनियर अत्यंत सुसंस्कृत. मला हेल्मेट दिलं. हेल्मेट मला चांगलं दिसतं. चहा आला, सिंगाडे, म्हणजे इथले समोसे, आले. त्याने लॅपटॉपवर रंगीत नकाशे दाखवले. म्हणाला, जुन्या इमारती थोड्या बसतातच, सेटलमेंट म्हणतात, दरवाजे अडकणं वगैरे नॉर्मल. तुमचा कचऱ्याचा रिपोर्ट पाहिला म्हणाला. फार परिणामकारक.

वही घरीच राहिली होती. पण त्याच्याकडे लॅपटॉप होता, तेव्हा वहीची तशी गरज पडली नाही. खड्ड्याच्या काठावर उभा राहून खाली बघितलं. आमच्या भिंतीच्या पायथ्याची माती ओली, काळी आणि उघडी. पंप त्यातून गढूळ पाणी ओढत होता. पाण्याबरोबर बारीक वाळू येत होती, गटारात तिचा ढीग साचला होता. कुठली वाळू, हे विचारायचं राहिलं.

शनिवार, १७ जानेवारी. सायंकाळी ७.

आजवरचा सर्वोत्तम कार्यक्रम. 'घाबरण्याचं कारण नाही' हे वाक्य तीन वेळा घेतलं, तिन्ही वेळा वेगळ्या सुरात. लोकांना घाबरवणं सोपं असतं, धीर द्यायला अधिकार लागतो. शरच्चंद्रबाबूंच्या वहीचा उल्लेख 'काही ज्येष्ठ रहिवाशांच्या नोंदी' असा आदराने केला.

श्यामला बघत होती. मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं हे? मी म्हटलं, इंजिनियरने. ती म्हणाली, खड्डा कोण खणतंय? तोच ना?

एवढं बोलून पीठ मळायला गेली. टीकेची सवय ठेवायला हवी.

मंगळवार, २० जानेवारी.

श्यामला नूपुरकडे गेली, न्यू टाउनला. मुलीची आठवण आली म्हणे. नूपुर परवा रविवारीच येऊन गेली होती. जाताना फ्लॅटचे कागद नेले, माझ्या आई-बाबांचा फोटो नेला, माझे दोन स्वेटरही. ती नेहमीच जास्त सामान भरते.

दारात म्हणाली, अहो, चला ना. मी म्हटलं, मी टीव्हीवर काय बोललो ते लोकांनी ऐकलंय. आज मीच बॅग घेऊन उतरलो तर काय म्हणतील? मग एकटीच उतरली, एकेका पायरीवर थांबत.

नूपुरचा फोन. बाबा, प्लीज या. तिचं मराठी रागावली की कमी होतं, मग इंग्रजीत बोलत राहिली. मी शांतपणे ऐकलं आणि घाबरण्याचं कारण नाही असं सांगितलं. तिने फोन ठेवला.

गुरुवार, २२ जानेवारी.

किरकोळ निरीक्षणं. तेल सांडलं, ते खिडकीकडे वाहत गेलं. पूर्वी मोरीकडे जायचं. भिंतीवरचं कॅलेंडर खालून दोन बोटं पुढे लोंबतं. कागद बाकला असावा. बाथरूमचं दार आता लागतं, पण उघडत नाही.

जिन्यात अमृता भेटली. तिच्या भावाने बारासातहून गाडी पाठवतो म्हटलंय, सासूबाईंना घेऊन ये म्हणून. पण त्यांना हलवणं म्हणजे हाल. शनिवारी तुमचा कार्यक्रम बघून नको म्हणून कळवलं होतं, आज त्याने परत विचारलंय. तुम्ही काय म्हणता?

माझ्याकडे बघत उभी होती. हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. मी म्हटलं, आजारी माणसाला उगाच कशाला हलवता. ती हसली, मोकळी झाल्यासारखी. म्हणाली, बरं झालं विचारलं.

खाली शरच्चंद्रबाबू. तिसरी काच फुटली. मी म्हटलं, थंडीने असेल. ते म्हणाले, हो, थंडी असेल. वाद घातला नाही. शिकलेला माणूस पटवून घेतो.

शुक्रवार, २३ जानेवारी. सरस्वती पूजा.

सुट्टी म्हणून पंप बंद. इतक्या दिवसांनी शांतता. गल्लीत पिवळ्या साड्या, मांडवातून ढाक या बंगाली ढोलाचा आवाज. तोही दुपारी थांबला, तेव्हा भिंतीतून आवाज यायला लागला. अगदी बारीक. टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक. बेडरूमची भिंत, खड्ड्याच्या बाजूची. कान लावला. प्लास्टर वाळत असावं.

चाळीस वर्षांपूर्वीचं प्लास्टर. हरकत नाही, काही प्लास्टरांना वेळ लागतो.

आज हॉलमध्ये सोफ्यावर पडलो. तिथे उजेड चांगला येतो. उद्याची तयारी. विषय: 'अफवा आणि वास्तव'.

शनिवार, २४ जानेवारी. रात्री, न्यू टाउनहून.

साडेदहाला चित्रीकरणासाठी स्टुडिओत होतो. सुमित माईक लावत होता, तेव्हा त्याचा फोन वाजला. त्याने माझ्या कॉलरचा माईक काढला. कॅमेरा उचलून जिना उतरला, मी मागे. त्याच्या स्कूटरवर.

इमारत पडली नाही. कलली. खड्ड्याकडे झुकून थांबली, वर आमची बाल्कनी प्रमोटरच्या कुंपणाच्या पत्र्यांवर आलेली. श्यामलाची तुळशीची कुंडी घसरून कठड्याला अडकली होती. गल्लीभर धूळ. माणसं घरच्या कपड्यांत, कुणाच्या पायात एकच चप्पल.

शरच्चंद्रबाबूंनी सकाळी दहाला आवाज ऐकला आणि काठीने एकेक दार ठोकत चौथ्या मजल्यापर्यंत गेले. सगळे बाहेर पडले. अमृताची सासू उरली. तिला खुर्चीत बसवून अमृता आणि ते उतरवत होते, तेव्हा जिन्याचा शेवटचा टप्पा खाली गेला.

अमृताला खरचटलं. शरच्चंद्रबाबूंचं खुब्याचं हाड मोडलं. सासूबाई ढिगाऱ्याखाली पाऊण तास.

सुमितने दिवसभर लाइव्ह चालवलं. कोण सापडलं, कोण कुठल्या वॉर्डात, कुठल्या शाळेत झोपायची सोय, कुठला रक्तगट हवा. लोक दुकानाच्या टीव्हीसमोर उभे राहून आपापली माणसं शोधत होते. रक्त द्यायला शेजारच्या गल्लीतून रांग लागली. वॉर्ड ऑफिसची माणसं अकराला आली. प्रमोटरची जाहिरात पट्टीवर साडेबारापर्यंत फिरत होती, मग कुणीतरी काढली.

मला कुणी काही विचारलं नाही. मी पानाच्या दुकानापाशी उभा होतो. मी सुमितला म्हटलं, मी रहिवासी आहे, प्रतिनिधीही आहे, दोन शब्द बोलतो. तो म्हणाला, दिगंबरदा, आज नको.

रविवार, २५ जानेवारी.

अमृताची सासू सकाळी सव्वासहाला गेली.

वय एक्याऐंशी होतं. हे वाक्य लिहिलं आणि वाचलं.

सुमितचा फोन. तुमचा सतराचा कार्यक्रम सगळीकडून काढलाय, काळजी करू नका, कुणाला सापडणार नाही. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी मी स्पष्टीकरण देतो. मुद्देसूद, दहा मिनिटं: उपलब्ध माहिती, इंजिनियरचं मत, माझा हेतू. तो म्हणाला, लोकांना आता वही बघायचीय. शरच्चंद्रबाबूंची. ती कुठेय?

आमच्या फ्लॅटमध्ये. टेबलाच्या खणात. आत जायला बंदी आहे.

श्यामलाने माझ्यासमोर चहा ठेवला. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. उत्तरं तयार होती.

मंगळवार, २७ जानेवारी. दुपारी ४.

हॉस्पिटलात गेलो. स्पष्टीकरणाचा कागद खिशात होता. मुद्दे सात झाले होते.

शरच्चंद्रबाबूंच्या पायाला वजन बांधलेलं. मला बघून उठायला लागले, मी थांबवलं. विचारलं, एवढ्या लवकर सगळ्यांना कसं काढलंत? ते म्हणाले, लवकर कुठे. आठवडा उशीर झाला. सतरा तारखेला दुपारी माझी बॅग भरलेली होती. अमृताच्या भावाशी मीच फोनवर बोललो होतो, गाडी पाठव म्हणून. मग पाचला टीव्ही लावला.

मी खिशातला कागद आणखी आत सारला.

ते म्हणाले, मी पस्तीस वर्षं बंधारे बांधले. रोज स्वतः मोजत होतो. तरी तुम्हाला तिथे बोलताना पाहिलं आणि वाटलं, वही यांच्याकडेच आहे, नीट वाचून बोलतायत म्हणजे माझंच मोजमाप चुकत असेल. बॅग परत रिकामी केली. मग विचारलं, त्यात शेवटच्या पानावर मी गणित केलं होतं. ते कुठे चुकलं हो?

खरंच विचारत होते. टोमणा नव्हता.

मी ती वही उघडलीच नव्हती. हे इथे लिहितो आहे. त्यांना म्हटलं, गणित बरोबर होतं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

बाहेर बाकावर बसलो. समोर अमृता औषधांच्या रांगेत. तिने मला पाहिलं, परत पुढे बघायला लागली. शेजारी एक बाई होत्या, मुलाला टाके घालायला आणलं होतं. बराच वेळ माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाल्या, आप टीव्ही पर आते हैं न?

मी बंगालीत सांगितलं, नाही, पेशंटबरोबर आलोय.