पेटीची किल्ली

दत्ता,

तुला झोप लागलीय, उठवत नाही. शुभ्राला टॅक्सीने शाळेत नेतेय. गाडी खालीच ठेवलीय, चावी माझ्याकडे आहे.

बंदूक डिकीतल्या पेटीत आणि गोळ्या घरी कपाटात, हा नियम तुझाच ना? पेटीची किल्ली तर तू जानव्यातून कधी सोडत नाहीस. आत्ता डिकीत शुभ्राचं दप्तर ठेवायला गेले, तर किल्ली पेटीलाच होती आणि गोळ्याही आत होत्या. मी कुलूप घातलं.

तुझ्या क्लबातल्या सुजीतला फोन केला. तो म्हणतो, मंदीत नोकरी गेल्यापासून तू शूटिंग क्लबला फिरकलाच नाहीस. मग रोज जातोस कुठे? तो रुवैस गावाहून इकडे यायला निघालाय. बंदुकीचं लायसन्स त्याच्याकडेही आहे, पेटी तोच क्लबात जमा करेल. तोवर दार आतून लावून बसू नकोस.

किल्ली आता माझ्या मंगळसूत्रात आहे. मागू नकोस.

विभा