राजुरीला दिलेला फौजदार

बाई, तुमच्यामुळे गेली वीसेक वर्षं मला आख्खी भाकरी खाता आलेली नाही. हात आपोआप शेवटचा चतकोर बाजूला ठेवतो. परवा एका पंगतीत तर पुरी खिशात गेली. सदऱ्याचा डाग आणि बायकोचा राग, दोन्ही अजून निघालेले नाहीत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही जुन्नरच्या त्या गल्लीत नवा वर्ग भरवलात, गावभरच्या भटक्या कुत्र्यांचा. खोबरेल तेलात गंधक कालवून तुम्ही त्यांची खरूज चोळताय, मी कुत्र्याचं तोंड धरून बसलोय. "घट्ट धर. पाढे म्हणतानाही असाच ढिला होतास." ज्यांच्या दारचा कचरा खाऊन ती वाढली, तीच माणसं नगरपालिकेत अर्ज घेऊन गेली. मग बरी झालेली कुत्री मळ्यांवर द्यायचं काम मी अंगावर घेतलं. तुमची अट एकच : बांधणार असतील तर द्यायचं नाही.

बोरी बुद्रुक, राजुरी, जिथं जाईन तिथं मागणी. "पावणं, आजून हायेत का? दोन द्या." तालुक्यात भूतदया वाढली म्हणून मी मिशीला पीळ देत होतो. उसात बिबटे वाढलेत, हे मलाही ठाऊक होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची माझी तयारी नव्हती.

तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा तुमच्या अंगणात एकटा फौजदार उरला होता, तीन पायांचा. सोमवारी कुत्री धरायला नगरपालिकेची गाडी येणार होती. तेवढ्यात राजुरीचा एक बागायतदार तिसऱ्यांदा कुत्रं न्यायला आला.

"आधीची दोन कुठंयत?"

"नेली की वाघानं. लई गुणी व्हती. गोठ्याम्होरं बांधली म्हून वासरं वाचली."

"याला बांधायचं नाही, भाऊ."

"न्हाई बांधत," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मीही जमिनीकडेच बघत फौजदार दिला.

चार दिवसांनी मळ्यावर गेलो. फौजदार गोठ्याच्या तोंडाशी साखळीला, ऊस दहा पावलांवर. मला बघून त्याची शेपटी हलते, मी बघतोच आहे. "मोकळा सोडला तर हितं थांबंल का, राव?" बागायतदार म्हणाला. "न्या माघारी. पण हिलाबी तुमच्याच घरी झोपवा." अंगणातल्या बाजेवर त्याची लहान लेक खेळत होती. फौजदाराला तसंच ठेवून मी रस्ता धरला. एरवी माझ्या जिभेला घाबरून लोक रस्ता बदलतात.

त्याच संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "फौजदाराला बांधत नाहीत ना?" मी म्हणालो, "नाही बाई, मोकळा असतो." तुम्ही हसलात, दोन चमचे पेज जास्त घेतलीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. महिन्याच्या आत बागायतदाराचा निरोप आला : तुमचं कुत्रं न्हाई राहिलं, दुसरं हाय का?

तेव्हापासून मी मळ्यावर कुत्रं दिलं नाही. तत्त्व म्हणून ठीक, पण मळेवाल्यांनी दुसरीकडून कुत्री आणलीच. इतक्या वर्षांत एवढं साधं सुचायला हवं होतं. गेल्या आठवड्यात वेल्डर घेऊन राजुरीला गेलो आणि त्या गोठ्याला वरपासून खालपर्यंत जाळी आणि दार बसवून दिलं. बागायतदार आता म्हातारा झालाय. त्यानं आपल्या हातानं दाराशी बांधलेल्या कुत्र्याची साखळी काढली, त्याला वासरांसोबत आत घेतलं आणि कडी लावली.

हे पत्र पोचायची सोय नाही, तेच बरं. समोर बसून तुम्ही पुन्हा विचारलंत, तर मी आजही म्हणेन, मोकळा असतो.