पूर्ण आराम

दि. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या वहिनीचं, शब्द माझे. घशातली नळी काढली, पण आवाज फोनपुरताही फुटत नाही. म्हणून तुझे यजमान भेटायला आले की त्यांच्या हाती पत्र देत जाईन.

तू दिलेला यकृताचा तुकडा नीट बसलाय, असं मोठे डॉक्टर म्हणाले. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, पोटातलं पाणी उतरलं. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर कबुतरं बसतात. त्यांच्याकडे बघत देवाचं नाव घेतो. सुताराच्या हातातून करवत एवढे दिवस कधी सुटली नव्हती. मला पूर्ण आराम आहे. तू स्वतःला जप, जड उचलू नकोस.

तुझाच,
दादा

दि. ७ फेब्रुवारी

ति. दादास सा. न. वि. वि.

पूर्ण आराम आहे, हे वाक्य मी ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग तुझ्या कारखान्यात जाऊन दोन्ही कारागिरांना सांगून आले. थोरल्याने रंधा खाली ठेवून डोळे पुसले आणि भुसा गेला म्हणाला.

मी बरी आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांनी मला उभं केलं होतं. तेव्हा मनात त्यांना काय काय म्हटलं ते तुला सांगत नाही, तू देवभक्त माणूस. आता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. शिवणयंत्रावर बसायला मात्र बंदी आहे, तरी ह्यांचा डोळा चुकवून तुझ्यासाठी एक पायजमा शिवलाय. माप जुनंच धरलं. तो घालून व्हरांड्यात मिरव. आणि मला स्ट्रेचरवरून नेताना मी तुला सांगितलं होतं ते लक्षात ठेव, माझं दिलेलं सांडायचं नाही.

लोभ आहेच. पायजमा घट्ट झाला तर आणखी वाढेल.

तुझी,
चिमणी

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तुम्ही कारखान्यात आनंदाची बातमी दिलीत हे वाचलं आणि माझं मन मला खाऊ लागलं. यांना आराम पडलेला नाही. हे आराम करतायत. मी यांचे शब्द होते तसे लिहिले, आणि तुम्ही त्यातून बरं वाटलं असं समजलात. मलाही तेव्हा सुचलं नाही.

दिवसभर पाठीवर पडून असतात. कूससुद्धा बदलत नाहीत. व्यायामाच्या बाई आल्या की डोळे मिटून झोपेचं सोंग घेतात, नाहीतर टाके दुखतात म्हणून सांगतात. ताटातलं निम्मं परत जातं. तुमच्या पायजम्याच्या एका पायात यांचे दोन्ही पाय मावतील. मांड्यांवर मांस म्हणून उरलेलं नाही. काल पाण्याचा पेला उचलताना हात थरथरला आणि पाणी गादीवर सांडलं.

छातीत कफ साठलाय. खोकायला जोर लागतो, तोच नाही. मोठे डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, यकृत उत्तम आहे, पण हे असेच पडून राहिले तर पुन्हा श्वासाच्या यंत्रावर घालावं लागेल, आणि तिथून परतायला अंगात काही शिल्लक नाही.

शेवटी मी यांना खोदून विचारलं. म्हणाले, लाकडाचा सरसानं चिकटवलेला सांधा वाळेपर्यंत शिकंज्यात आवळून ठेवतात, हलवत नाहीत. धाकट्या बहिणीनं पोट कापून दिलंय, ते माझ्या हलण्यानं निखळलं तर देवाला काय तोंड दाखवू? मी समजावलं, डॉक्टर रागावले. ऐकतील तर तुमचंच.

तुमची,
वहिनी

दि. ११ फेब्रुवारी

ति. दादास,

वहिनीवर रागावू नकोस. मला सगळं कळलंय.

दादा, मी शिंपीण आहे. तुझ्या मांडीचं माप मला पाठ आहे. ते कुठे गेलं, एवढंच आधी सांग.

सांडू नकोस म्हटलं ते तू रडू नयेस म्हणून. तू ते आज्ञेसारखं धरून बसशील असं वाटलं नव्हतं. चूक माझी, कारण तुला चेष्टा कळत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

काल इथल्याच दवाखान्यात तपासणीला गेले होते. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. माझ्यात उरलेला भाग वाढतोय, आणि तुझ्यातलाही तसाच वाढत असणार म्हणाले. तूच मला सांग, वाढत्या लाकडाला कधी शिकंजा लावलास का? सरस वाढतो का? ते आत शिवून घेतलंय आणि शिलाई पक्की आहे. शिलाईतलं मला कळतं, तुला नाही.

मी माझं मांस दिलं ते तुझं मांस झडताना बघायला नाही. बाईंनी हात धरला की ऊठ. उठणार नसशील तर मी येते. मला प्रवासाची मनाई आहे, हे तुला माहीत आहे. तरी येईन.

नमस्कार उभा राहशील तेव्हा करेन. तोवर राहू दे.

चिमणी

दि. १६ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं आहे, म्हणून असं वाकडं. तू येऊ नकोस.

तुझं पत्र वाचून दिवसभर कबुतरांकडे पाहिलं नाही. इतके दिवस मी देवाला एकच मागत होतो की हे हलू देऊ नकोस. दिलेली वस्तू जपायची म्हणजे बंद करून ठेवायची, एवढंच मला कळत होतं. ती वाढत असेल हे मनातच आलं नाही. जन्मभर तोडलेल्या लाकडाशीच संबंध आला.

पहिल्यांदा उभं केलं तेव्हा गुडघे ओल्या पुठ्ठ्यासारखे दुमडले. बाईंनी आणि तुझ्या वहिनीनं दोन्हीकडून धरलं. घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटातून काही निखळलं नाही. खोकला मात्र असा आला की शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उठून बसले. कफ थोडा सुटलाय. छाती अजून साफ नाही, यंत्राची भीती टळली असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी विचारतही नाही. ताट संपवतो. घास जात नाही तेव्हा देवाचं नाव घेऊन गिळतो.

पायजमा नाडी करकचून बांधून घातलाय. माप बदलू नकोस, मीच त्याच्यापर्यंत येईन.

हे पत्र खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहायला घेतलं. मधल्या ओळी बसून झाल्या. ही शेवटची पुन्हा उभ्यानं लिहितोय, तेव्हा राहिलेला नमस्कार आता कर. बाई दारात येऊन उभ्या आहेत, व्हरांड्यात न्यायला. मला आराम अजिबात नाही. कारखान्यात सांग.

तुझाच,
दादा