जेवणाचा ठेका

मी, ओबेडाया क्रम, वय एकाहत्तर, धंदा खोगिरे शिवणे, राहणार कॅल्डर्स मिल, ओहायो, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. "दडपण नाही" हे वाचून माझी सून डीलिया हसली. तरी वाक्य राहू द्यावे.

१. राहते घर व कोंबड्या डीलियाला. माझा मुलगा गेल्यावरही तिने मला सांभाळले, आणि ते रोज बोलून दाखवले.

२. खोगिराची हत्यारे शेजारी रूफस टेग यास. निम्मी त्याने आधीच नेली आहेत, उरलेली न्यावीत.

३. चौकातल्या कर्नल बेनच्या पुतळ्यासाठी माझ्या मिळकतीतून एक फूलही खर्चू नये. पुतळा तलवार उगारून पुढे धावतो आहे. खरी हकीकत अशी : १८६२ साली, यादवी युद्धात, मी अकरा वर्षांचा, पलटणीचा ढोलवाला. शत्रूने तिन्ही बाजूंनी घेरले तेव्हा कर्नल ओरडले, "पोरा, माघार वाजव!" मला दोनच ठेके येत होते, चढाईचा आणि जेवणाचा. मी जेवण वाजवले. दोन दिवसांची उपाशी पलटण जीव खाऊन मागे, स्वयंपाकाच्या तळाकडे पळाली. सर्वांच्या पुढे कर्नल होते. एक सोडून सगळे वाचले.

४. माझा ढोल हेस्टर पॉल हिला. न वाचलेला तो एक म्हणजे तिचा भाऊ एनॉक, आमचा बासरीवाला, वय दहा. स्मारकावर त्याचे नाव नाही. समिती म्हणते, एवढ्या लहान मुलाच्या भरतीस मनाई होती, सबब तो तेथे मेलेला असू शकत नाही. हेस्टरला मी साठ वर्षे सांगत आलो की त्याला पळता आले नाही. ते खोटे आहे. ठेका चुकल्याचे त्या एकट्याला कळले. तो जागीच थांबून ओरडला, "ओबी, चुकतोयस! हे जेवण आहे!" तेवढ्यात गोळी लागली. हे तिला माझ्या मृत्यूनंतर वाचून दाखवावे.

५. कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द. डीलिया म्हणाली, "मामंजी, ती दोन घरं सोडून राहते. मेल्यावर कसले सांगताय? आत्ता जा." म्हणून जाऊन आलो. हेस्टरने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "चुका काढायची खोडच होती मेल्याला. आईलाही सोडत नसे." थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या दिवशी जेवायला होतं तरी काय?"

"काहीच नव्हतं," मी म्हणालो.

ती हसू लागली, आणि हसता हसता माझा हात धरून रडली. ढोल तिने आजच ठेवून घेतला. तो माझ्या मिळकतीत धरू नये.

सही : ओबेडाया क्रम
साक्षीदार : जोनास विक, न्हावी; पर्ल ऑट, शिक्षिका. (रूफस टेग यास हत्यारे मिळणार असल्याने त्याची सही घेतली नाही. तो बाहेर रुसून बसला आहे.)
कॅल्डर्स मिल, ९ ऑक्टोबर १९२२