शिट्टी लवकर वाजते

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे हे वाचून आनंद झाला, काठी वापरत नाहीस हे वाचून गेला. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझ्या ठोंब्याला हल्ली सगळा भाग 'मास्तर' म्हणतो, हे मुद्दाम तुला हसायला कळवतो.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी आमची गाडी आगीपेक्षा जास्त वेळा जिन्यात कोसळलेली माणसं उचलायला गेली. मी साहेबांना म्हटलं, पडल्यावर उचलण्यापेक्षा आधीच त्यांना चालतं-फिरतं ठेवू. आता दर रविवारी अग्निशमन केंद्राच्या आवारात टेबल टाकून आम्ही येईल त्याचा रक्तदाब मोजतो, मग व्यायाम, आणि शेवटी समोरच्या नऊ मजली कचेरीचा जिना. मी पुढे, पूर्ण पोशाखात, पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मुखवटा. मागे सगळी वरात!

कोपऱ्यावरचे शिंपीकाका सगळ्यांत उत्साही. जन्मभर मशीनवर वाकून बसलेला माणूस. पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरच फतकल मारली होती, आता सहावा गाठतात. वर येताना आमच्या पोशाखाच्या शिवणीला नावं ठेवतात ते वेगळंच.

एकच कटकट आहे. टाकीतली हवा संपत आली की शिट्टी वाजते, माणसानं मागे फिरावं म्हणून. माझी टाकी हल्ली वेळेआधीच बोंबलते. पूर्वी गच्चीवर जाऊन खाली येईपर्यंत गप्प असायची. झडप गळत असणार. दुरुस्तीला दिली आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, पत्र मात्र वेळेवर येऊ दे.

तुझा,
ठोंब्या


१२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

मास्तर! शाळेत कवायतीच्या तासाला ज्याच्या नेमकं पोटात दुखायचं, तो आता गावाला जिने चढायला लावतो! तुझे भाऊजी हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. पण खरं सांगू, मला अभिमान वाटला. शिंपीकाकांना माझा नमस्कार सांग.

आता न हसण्याची गोष्ट. तुझ्या बायकोनं पाकीट बंद करायच्या आधी तुझ्या पत्राच्या कडेला दोन ओळी खरडल्या आहेत. तू बूट घालायला पलंगावर बसतोस आणि नंतर बराच वेळ उठत नाहीस. झोपताना उशाला दोन उशा लागतात. तिच्यावर डाफरू नकोस, मीच तिला काही असलं तर कळव म्हणून सांगून ठेवलं होतं.

तू लहान होतास, तुला आठवणार नाही. शेवटच्या वर्षी बाबांना घराचा जिना उंच वाटायला लागला. गवंडी आला, त्यानं पायऱ्या मोजल्या आणि त्या ठीक आहेत म्हणाला. बाबा त्याच्यावरच खेकसले आणि सगळ्या पायऱ्या तोडून नव्या, बसक्या करून घेतल्या. पायऱ्या झाल्या, पण चढायला बाबा राहिले नाहीत.

सगळ्या गावाचा रक्तदाब मोजतोस, तुझा कोणी मोजला? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं व्हायला नको.

माया आहे म्हणून रागावते, तो राग मायाच मानून घे.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुतावरून स्वर्ग गाठायची तुझी सवय काही जायची नाही. तुम्ही दोघींनी मिळून मला तिरडीवर बांधायचंच बाकी ठेवलंय.

टाकी दुरुस्तीच्या भांडारातून परत आली. कुठेही गळत नाही म्हणतात. न तपासताच चिठ्ठी चिकटवली असणार. म्हणून गेल्या रविवारी मी आमच्या लंबूची टाकी घेतली आणि माझी त्याला दिली. लंबू म्हणजे आमच्या गाडीचा चालक, जिन्यात माझ्या बरोबरीनं, तसाच टाकी लावून असतो. तर त्याच्या टाकीनंही माझ्या पाठीवर सातव्या मजल्यावरच शिट्टी मारली! म्हणजे हवा भरायचं यंत्रच कमी भरतंय. तशी लेखी तक्रार दिली आहे. रक्तदाबही लंबूनं मोजला. जास्त आला, पण दंडाला बांधायचा तो पट्टा सैल झालाय, सगळ्यांचाच जरा जास्त दाखवतो.

डॉक्टरकडे जा म्हणणं सोपं आहे. त्यांनी एक ओळ लिहिली की मी गाडीवरून उतरलो. मग निवृत्तीपर्यंत फोनशेजारी बसायचं. आणि ज्याच्या मागे एवढी माणसं चढतात, त्यानं खाली बसून टाळ्या पिटायच्या का? ताई, ते मला जमणार नाही.

आठ मार्चला मोठी चढाई आहे. सगळा भाग लोटणार. शिंपीकाकांनी नववा मजला गाठायचा पण केलाय.

काळजी सोड, माया सोडू नकोस.

तुझा,
ठोंब्या


३ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लंबूची टाकी तुझ्या पाठीवर वाजली हे लिहिलंस. तुझी 'बिघडलेली' टाकी लंबूच्या पाठीवर वाजली का, हे लिहिलं नाहीस. मी सांगते, वाजली नाही. वाजली असती तर तू चार ओळी वाढवून लिहिल्या असत्यास.

झडप झाली, भांडार झालं, यंत्र झालं, आता पट्टा. नाचता येईना अंगण वाकडं! जास्त हवा तूच खातोस रे, कारण तुला ती पुरत नाही. हे कळायला अग्निशमनात नोकरी लागत नाही.

मला भीती वाटते आहे. स्पष्टच लिहिते, म्हणजे पुढे ताईनं सांगितलं नाही असं व्हायला नको. रविवारी चढू नकोस. खाली उभा राहून टाळ्या पीट, मला तोच मास्तर पुरे आहे. फोनशेजारी बसलेला भाऊ मला चालेल.

एवढं ऐक. पुढचं पत्र तुझ्याच हातचं येऊ दे.

तुझी,
ताई


१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र दवाखान्यातून लिहितो आहे. मी ठीक आहे, हे आधी सांगतो.

तुझं पत्र शुक्रवारीच मिळालं होतं. तू बरोबर ओळखलंस. लंबूच्या पाठीवर माझी टाकी गप्प होती. मला ते तेव्हाच कळलं होतं. रविवार पार पाडायचा आणि सोमवारी डॉक्टरकडे जायचं, असं ठरवलं.

या वेळी शिट्टी पाचव्या मजल्यावरच वाजली. सगळ्या जिन्यात घुमली. मागची माणसं थबकली. मी मुखवटा वर करून ओरडलो की टाकी बिघडलेली आहे, चला, थांबायचं नाही. लोक हसले आणि पुन्हा चढायला लागले.

शिंपीकाका माझ्या लगेच मागे होते. मला धापांचा आवाज येत होता. तो माझाच आहे असं मी धरून चाललो होतो. आठव्या मजल्याच्या वळणावर तो एकदम बंद झाला. मी वळलो तेव्हा काका कठड्याला धरून खाली घसरत होते.

मी आणि लंबूनं आळीपाळीनं त्यांची छाती दाबली, उचलून खाली आणलं. आम्हाला जे जे येतं ते सगळं केलं. काका गेले, ताई.

दवाखान्याच्या दारात मला उभं राहवेना, म्हणून डॉक्टरांनी मलाही आडवं केलं. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद आहेत. वेळेवर आलात, असं म्हणाले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. गाडी सुटली, त्याचं आता काही वाटत नाही.

काल शिंपीणकाकू मला बघायला आल्या होत्या. काकांना त्या दिवशी सकाळपासूनच छातीत जड वाटत होतं, हे त्यांनी सांगितलं. काकूंनी जाऊ नका म्हटलं, तर काका म्हणाले की मास्तरांना यातलं जास्त कळतं, ते थांबले की मी थांबेन.

मग त्यांनी मला विचारलं की ती शिट्टी खरंच टाकी बिघडल्यामुळे वाजली होती का. बाहेर लोक काहीबाही बोलतात, म्हणून मास्तरांच्याच तोंडून ऐकायला आले, म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तब्येतीला जपा म्हणाल्या.

लोभ असू दे, असं आज लिहवत नाही.

तुझा भाऊ