आपोआप बंद पडलेला कॉम्प्युटर

नाना, धरणगावचं तुमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान मोडून मी जळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं टाकलं, हे तुम्हाला तिकडे कोणी सांगितलं नसेल. सांगितलं असतं तर तुम्ही नाक मुरडलं असतं, तेही मला ठाऊक आहे. आज त्याच दुकानात मी एका माणसाचं तोंड फोडलं. आई असती तर तिला सांगितलं असतं, पण तीही आता नाही. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी सगळं समजावून सांगावं लागेल. तुम्हाला समजावावं लागणार नाही.

सकाळी नवरा-बायको आले. कॉम्प्युटर त्याने काउंटरवर आदळलाच. "ताई, आपोआप बंद पडला. पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही." बायको पदर खांद्यावरून घट्ट ओढून मागे उभी. घरी बसून लग्नांचे व्हिडिओ जोडून देते, एका लग्नाचं काम अर्धवट आत अडकलंय, एवढंच ती बोलली, तेही त्याच्याकडे बघून. आपोआप हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. तुम्हीच शिकवलंय. मी शाळेतून येऊन दुकानात तुमच्याजवळ बसायचे, तेव्हा तुम्ही गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायचात, "आपोआप म्हने ना, ते समजी ले, त्यानीच काहीतरी करेल शे. पयले पत्रा देख." काय डोळा होता तुमचा! दुसऱ्याच्या घरात टीव्ही कोणी पाडला, कशाने पाडला, हे तुम्ही नुसत्या पोच्यावरून सांगत होतात, आणि आपल्या घरात आईच्या अंगावरचे वळ तुम्हाला कधी दिसले नाहीत.

तरी मी रीतीप्रमाणे सुरुवात केली. पत्र्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं, केबल बदलली, दुकानातला मॉनिटर लावून पाहिला. रॅम काढून तिचे दात खोडरबरने पुसले. स्क्रीन काळी ती काळीच. मग स्क्रीनला चित्र पुरवणारं ग्राफिक्स कार्ड काढलं आणि मॉनिटरची वायर मागे मदरबोर्डच्या स्वतःच्या पोर्टला लावली. लगेच चित्र आलं. म्हणजे बाकी सगळा ठणठणीत होता, मेलं होतं ते फक्त कार्ड. ती बाई पुढे झाली आणि स्क्रीनला बोट लावून म्हणाली, "आलं!" तिचं ते "आलं" ऐकून मला धरणगावचं घर दिसलं.

तुम्हाला तो दिवस आठवतो का हो? मला तर तो अजून चालूच असल्यासारखा वाटतो. तुम्ही गच्चीवर अँटेना फिरवताय. खाली टीव्हीवर मुंग्या आहेत. तुम्ही वरून ओरडताय, "आलं का?" आणि आईने टीव्हीपुढे उभं राहून सांगायचं, असं ठरलेलं. पण तव्यावर कळण्याची भाकरी आहे, ती करपायला लागलीय, म्हणून आई स्वयंपाकघरात धावते आणि तिथूनच उत्तर देते, "आलं, आलं!" तुम्ही अँटेना घट्ट पिळून खाली येता. टीव्हीवर मुंग्याच. "तुना डोया फुटनात का? खोटं बोलस माले?" तुमच्या हातात अँटेनाचा उरलेला पाइप आहे. पहिला फटका तिच्या मनगटावर बसतो आणि भाकरी चुलीत पडते. दुसरा मानेवर. मी कोपऱ्यात कणग्याला पाठ लावून उभी. हाड मोडल्याचा आवाज एवढा बारीक असतो, हे मला तेव्हा कळलं. आई ओरडली नाही, शेजारी ऐकतील म्हणून. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून ती बायांना सांगत होती, "काही नही व व्हयनं, शिडीवरतीन पडनू." तुम्ही ओट्यावर चहा पीत होतात. संध्याकाळी तुम्ही तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. एका हाताला प्लास्टर, म्हणून सगळ्या तिने दुसऱ्या हातात भरल्या. मला त्या बांगड्यांची किळस यायची, आणि तुम्ही शिकवलेलं सगळं काम मात्र आवडायचं. तुमचा राग अजून येतो मला, नाना. मेलेल्यावर राग धरू नये म्हणतात. म्हणू देत.

तर ते कार्ड मी उजेडात धरलं. सोनेरी दातांच्या वर बारीक चीर गेलेली. स्लॉटचा खटका तुटलेला. काढलेलं झाकण उलटं करून पाहिलं, तर खालच्या बाजूला बुटाच्या टोकाएवढा पोचा. कॉम्प्युटर जमिनीवर असताना कोणीतरी जोराने लाथ घातली होती. नवरा म्हणाला, "मग वॉरंटीत टाका ना. कंपनीला सांगा, आपोआप गेलं." मी म्हटलं, "कंपनी काही आंधळी नाही. लाथेने मेलेलं कार्ड कोणी बदलून देत नाही." माझ्याकडे बघायचं सोडून त्याने बायकोकडे बघितलं. "तू सांगितलंस हिला?" त्या बिचारीने तोंडही उघडलं नव्हतं. माझ्या दुकानात, माझ्या काउंटरसमोर त्याने तिची वेणी पकडली आणि कानाखाली वाजवली. तिचं डोकं कपाटावर आपटलं.

झाकण माझ्या हातातच होतं. ते मी आडवं फिरवलं. त्याचा ओठ फाटला, तो मागच्या स्टुलाला अडखळला आणि खाली पडला. तिथे थांबायला हवं होतं. पहिला फटका तिच्यासाठी होता, हे मी कोणालाही सांगेन. तो पडल्यावर मी त्याच्या खांद्यावर, पाठीवर, त्याने डोक्यावर धरलेल्या हातांवर मारत राहिले. ते कोणासाठी होतं, हे तुम्हालाच विचारायला हवं. पत्र्याचा आवाज होत होता आणि मला बरं वाटत होतं. नुसतं बरं नाही, कित्येक वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. तुम्हालाही असंच वाटायचं का? आत्या म्हणायची, खाण तशी माती. मी तिच्याशी किती भांडले होते त्यावरून.

तो उठला, शिव्या देत, बायकोला "घरी ये, मग बघतो" म्हणत मोटारसायकल काढून गेला. मला वाटलं, ती आता रडेल, माझे हात धरेल. ती कपाटाला चिकटून उभी होती. म्हणाली, "ताई, तुम्ही हात मोकळा करून घेतला. आता वड्याचं तेल वांग्यावर निघेल. तुम्ही मारलेलं सगळं तो घरी माझ्याकडून वसूल करेल ना!" मी झाकण हातातून खाली ठेवलंसुद्धा नव्हतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आईच्या बाजूने कोणी तुम्हाला बोललं की रात्री काय व्हायचं, हे मी लहानपणी पाहिलेलं असूनही आली नाही.

मी तिला म्हटलं, घरी जाऊ नकोस. तिने शिरपूरला भावाला फोन लावला. शेतातलं काम टाकून आज निघता येत नाही, उद्या सकाळी येतो, म्हणाला. मी दुकान बंद केलं आणि तिला माझ्या घरी आणलं. घर दुकानापासून लांब आहे, तिच्या नवऱ्याला ठाऊक नाही, ठाऊक व्हायचं कारणही नाही. कॉम्प्युटरही आणला. कार्डाशिवाय हळू चालतो, पण चालतो. आतल्या खोलीत जोडून दिला, म्हटलं तुझं लग्नाचं काम पुरं कर. वायर घ्यायला मी हात पुढे केला, तर तिने मान आत ओढून घेतली. मग हसली आणि म्हणाली, सवयीने झालं.

हे कागद पोस्टात टाकायचे नाहीत, कोणाला दाखवायचे नाहीत. लिहिताना आतून कीबोर्डचा आवाज येत होता, आता तोही थांबलाय. वरण-बट्टी केली होती. तिला जेवायला हाक मारायला गेले, तर तिने आतून कडी लावलेली. आधी वाटलं, नवऱ्याच्या भीतीने लावली असेल. पण त्याला हे घर माहीत नाही, हे तिला माहीत आहे, आणि घरात माझ्याशिवाय कोणी नाही. मी ताट दाराशी ठेवून आले, नाना. दार वाजवायला माझा हात झाला नाही.